तुमच्या प्रशासकाशी संपर्क साधा

‘दादा, मलाच का रे परवानगी नाही?’

चार वर्षं विचारत होतो हो मी! चार वर्षं! एकदा नाही, दोनदा नाही, दर वेळी ती चौकोनी पाटी पडद्यावर आली की विचारायचो, आणि दर वेळी दादा काय करायचा? काही नाही! उठायचा, यायचा, डाव्या हाताचा आडोसा करायचा, उजव्या हाताने टकटक टकटक पासवर्ड टाकायचा आणि आपल्या खुर्चीवर परत जाऊन बसायचा. उत्तर नाही! आता तर मिळणारही नाही, कारण तीन महिन्यांपूर्वी दादा गेला. छातीत कळ आली म्हणाला, आम्ही त्याला गाडीत बसवला, तर खिडकीतून डोकं काढून मला म्हणतो, ‘मशीन बंद करून ये रे, धागा अडकेल.’ मी मशीन बंद करून गेलो, धागा नाही अडकला, आणि तोवर… जाऊ दे. ते सांगायला मी उभाच नाही राहिलो. मी सांगणार आहे त्या पाटीबद्दल!

तर तुम्हाला सांगतो, आमचं भरतकामाचं दुकान आहे. हाताचं नाही, मशीनचं. चार डोक्यांची मशीन, एका वेळी चार टोप्या नाहीतर चार बिल्ले भरते. मशीनला चार डोकी, आणि तिला हुकूम सोडायला एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटरमध्ये चित्र टाकायचं, बटण दाबायचं, की मशीन खडखड करत तसंच्या तसं दोऱ्याने काढते. दादा चित्रं बनवायचा, मी रिळं लावायचो, वहिनी उलट्या बाजूचे धागे कापायच्या. तिघांचं व्यवस्थित चाललं होतं. मग गेल्या आठवड्यात मशीनमधली एक पाटी जळाली. पडद्यावरची नव्हे, आतली, हिरवी, तारांची. मेकॅनिक आला, नवीन बसवली, आणि जाता जाता एक पेनड्राइव्ह माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘हा नवीन प्रोग्राम कॉम्प्युटरवर चढवून घ्या, नाहीतर मशीन कॉम्प्युटरला ओळख दाखवणार नाही. दोन मिनिटांचं काम आहे.’

दोन मिनिटं! दोन मिनिटं म्हणाला तो!

लावला पेनड्राइव्ह. दाबलं. पडदा काळवंडला, आणि मधोमध पाटी. आता दादाची हौस अशी की कॉम्प्युटरवरचं सगळं त्याने मराठीत करून घेतलेलं. मी अक्षर अक्षर लावत वाचलं, ‘हा प्रोग्राम बसवण्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड आवश्यक आहे.’ खाली रिकामी जागा. वर कोणाचं नाव? दादाचं! मी रागारागाने रिकामंच दाबलं, तर दुसरी पाटी. ‘परवानगी नाकारली. तुमच्या प्रशासकाशी संपर्क साधा.’

मी उभाच राहिलो ना! प्रशासकाशी संपर्क साधा… अरे, साधला असता की! तुझ्या सांगण्याची वाट बघितली असती होय मी? गेले तीन महिने दुसरं काय मनात आहे माझ्या?

आता तुम्ही म्हणाल, तुझ्या भावाने तुला पासवर्ड दिला का नव्हता? बरोबर आहे. तुमच्यापासून काय लपवायचं? मी दिसेल त्याला ‘हो’ म्हणणारा माणूस. पडद्यावर काहीही येऊ दे, ‘तुमचा कॉम्प्युटर सावकाश चालतोय, वेगवान करू?’ हो! ‘सगळं मूळपदावर आणू?’ हो! ‘खात्री आहे?’ अरे हो, हो, हो! चार वर्षांपूर्वी असाच कशाला तरी हो म्हणालो आणि आतलं काय उलटंपालटं झालं देव जाणे, मशीनने साठ टोप्यांवर शाळेचं नाव उलटं काढलं. आरशात दिसतं ना, तसं! आणि मी रिळं लावत गाणी ऐकत होतो, साठ होईपर्यंत बघितलंच नाही. शाळेचे मोठे क्लार्क टोपी हातात घेऊन माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, ‘साहेब, आरशासमोर घालून बघा, अगदी बरोबर आहे.’

साठही टोप्यांचे टाके दादाने एकट्याने उसवले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला तर दोन खाती. एक ‘दुकान’, आमच्यासाठी, साधं. दुसरं दादाचं, प्रशासकाचं. तेव्हापासून आमच्याकडे पद्धतच पडली. पाटी आली की मी ओरडायचो, ‘दादा, हो करू का?’ आणि मशीनच्या खडखडाटातून आवाज यायचा, ‘वाच आधी!’ मी वाचायचो नाही. तो यायचा, तोच वाचायचा, आडोसा करायचा, टकटक टकटक.

तर पाटी समोर, प्रशासक नाही, आणि वार कोणता? बुधवार. शनिवारी सकाळी त्याच शाळेचे तीनशे वीस बिल्ले द्यायचे, खेळांच्या दिवसासाठी. उलट्या टोप्यांनंतरही ज्यांनी दादाचं काम सोडलं नाही, ती शाळा! वहिनी कात्री खाली ठेवून आल्या, पाटी बघितली, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘भाऊजी, एक बोलू? मशीन घ्यायला एक जण तयार आहे. मी थांबवून ठेवलंय त्याला. हे काम वेळेवर गेलं तर दुकान चालवू. नाही गेलं तर मला नाही जमणार रोज या खुर्चीकडे बघत बसायला. विकून टाकू.’

म्हणजे तुम्हाला सांगतो, त्या पाटीत काय अडकलं होतं बघा! नुसता प्रोग्राम नाही. दुकान!

मी म्हटलं, वहिनी, काळजीच करू नका. आणि लावला फोन मशीनच्या कंपनीला. वीस मिनिटं बासरी ऐकवली. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं आठ वेळा म्हणाले, इतका महत्त्वाचा की कोणी उचलेना. शेवटी एक मुलगी आली, आवाज असा की मध ओतलाय.

‘नमस्कार सर, आपली काय सेवा करू शकते?’

सांगितलं सगळं.

‘अच्छा सर. आपण प्रशासक आहात का?’

‘नाही.’

‘मग जरा प्रशासकांकडे फोन द्याल का सर?’

‘देता येत नाही.’

‘काही हरकत नाही सर. ते कधी उपलब्ध होतील?’

आता काय सांगू मी तिला? म्हटलं, ‘ताई, ते वारले.’ तिकडे एकदम सामसूम. मागे शंभर माणसं बोलत होती तीसुद्धा गप्प झाल्यासारखी वाटली. मग मध जरा पातळ करून ती म्हणते, ‘फार वाईट वाटलं सर… तर सर, अशा परिस्थितीत आपण आपल्या प्रशासकाशी…’ आणि थांबली बिचारी! तिच्यासमोर कागद असणार, त्यावर तेच लिहिलेलं असणार! मीच म्हटलं, ‘संपर्क साधावा, हो ना?’ ती म्हणाली, ‘सॉरी सर.’ मी म्हटलं, तुमचा काय दोष. फोन ठेवायच्या आधी विचारते, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? मी पाच दिले. सॉरी म्हणाली ना ती.

गुरुवारी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हा माणूस कसा? दारातून आत पाय टाकतानाच त्याचा निकाल तयार. चप्पलसुद्धा काढली नाही. ‘फॉरमॅट मारू!’

मी म्हटलं, ‘अहो, बघा तरी आधी.’

‘बघायचं काय त्यात? फॉरमॅट मारू, अर्ध्या तासात नवा कोरा.’

‘आणि आतलं सगळं?’

‘जाईल.’

जाईल! असं म्हणाला जशी वीज जाईल! अहो, त्यात दादाची अकरा वर्षांची चित्रं आहेत. ह्या शाळेचा सूर्य आहे त्यात, ज्याच्या एका किरणासाठी दादाने दोन दिवस घातले होते, कारण किरण टोकाला बोथट येत होता. कोणाला दिसला असता का? नाही! त्याला दिसत होता! मी म्हटलं, ‘दुसरा काही उपाय?’ मग तो बसला, काहीतरी खुडबुड केली, डोकं खाजवलं. ‘पासवर्ड उडवता येईल. पण तुमच्या दादांनी आतल्या चित्रांना वेगळं कुलूप घातलंय. पासवर्ड उडवला की ते कुलूप कायमचं. चित्रं दिसतील, उघडणार नाहीत. खरा पासवर्ड सापडला तरच सगळं सुखरूप. तुमचे दादा हुशार होते हो.’

माहितीये मला! हुशार होता ते माहितीये! त्याचा हुशारपणाच आता मला आडवा आलाय!

मग मी आणि वहिनी लागलो घर-दुकान धुंडाळायला. वह्या, खिसे, कॅलेंडरची मागची पानं, मशीनच्या पोटाखाली, रिळांच्या खोक्यांवर. वहिनींना कपाटात एक चिठ्ठी सापडली, घाईघाईने उघडली तर ‘निळा दोरा संपला’. एवढंच. वहिनी ती चिठ्ठी उलटसुलट करून बघायला लागल्या. मी म्हटलं, ‘वहिनी, निळा दोरा आणलाय हो मी नंतर.’ तर हसायला लागल्या, आणि हसता हसता… मी चहा टाकायला उठलो. मला नाही बघवत ते.

शुक्रवार सकाळ. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, आपण त्यांच्या खात्यातून आत जायचा प्रयत्नच नाही केला.’

खरंच नव्हता केला! कॉम्प्युटर चालू केला की दोन गोल येतात, एका गोलात रिळाचं चित्र, ते दुकान, आणि दुसऱ्या गोलात दादाचा फोटो. तीन महिने आम्ही रिळावरच दाबत होतो. फोटोवर बोट नेलंच नाही कोणी. वहिनी म्हणाल्या, ‘तुम्ही दाबा.’ मी म्हटलं, ‘तुम्ही दाबा.’ ‘तुम्ही.’ ‘तुम्ही.’ आणि मी, जो दिसेल ते दाबतो, मी… हात मागे घेतला. शेवटी वहिनींनीच दाबलं. फोटो मोठा झाला. दादा असा समोर, खिशाला पेन. आणि खाली लिहिलेलं, ‘सुस्वागतम’. आता ह्याला काय म्हणायचं सांगा!

मी घाईघाईत वहिनींचं नाव टाकलं. चूक! आणि त्याबरोबर खाली एक बारीक ओळ उमटली. ‘पासवर्डची खूण’. पासवर्ड विसरला तर आठवावा म्हणून माणूस स्वतःच लिहून ठेवतो ना, ती. दादानेच लिहिलेली. मी अक्षर अक्षर लावत वाचली.

‘धाकट्याला विचार.’

धाकटा कोण? मी! घरात मला दुसरं नावच नाही!

अहो, मी खुर्चीवरून उडालो! तीन दिवस सगळं जग मला सांगतंय की प्रशासकाशी संपर्क साधा, आणि प्रशासक सांगतोय, धाकट्याला विचार! वहिनी माझ्याकडे वळल्या. ‘काय आहे?’ मी म्हटलं, ‘काय आहे म्हणजे?’ ‘पासवर्ड!’ ‘मला काय माहीत!’ ‘अहो, तुम्हाला विचारा म्हणतायत!’ ‘मग विचारा ना! पण मला माहीत नाहीये!’ आम्ही दोघं फोटोसमोर भांडतोय, आणि फोटो मजा बघतोय. शपथ सांगतो, मजा बघत होता तो!

टाकत सुटलो. माझी जन्मतारीख. चूक. माझं नाव. चूक. धाकटा, धाकट्या, धाकू. चूक, चूक, चूक. माझ्या पहिल्या सायकलचा नंबर. सायकलला नंबर नसतो हे मला नंतर आठवलं. मग कॉम्प्युटरच म्हणाला, फार वेळा चुकलात, थोडा वेळ थांबा. बघा! ह्यालासुद्धा माझा स्वभाव कळला!

थांबलो. वहिनी हळूच म्हणाल्या, ‘भाऊजी, असं बघा. दुनियेत कोणाला माहीत नाही आणि फक्त तुम्हाला पाठ आहे, असं काय आहे?’

मी उसळलोच. म्हटलं, ‘वहिनी, मला काय पाठ असणार? मला पाढे पाठ नाहीत! मी काय शिकलेला माणूस आहे? मी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत सपशेल नापास…’

आणि बोलता बोलता थांबलो.

कारण एक गोष्ट पाठ होती मला. माझा परीक्षेचा नंबर. निकालाच्या दिवशी हा कॉम्प्युटर नवाच होता, दादा निकाल बघायला बसला, मी नंबर सांगितला, त्याने टाकला. नापास. म्हणाला, ‘परत सांग, आकडा चुकला असेल.’ सांगितला. नापास. ‘परत सांग.’ सात वेळा! सात वेळा टाकला हो त्याने, कॉम्प्युटरच चुकतोय अशा खात्रीने! मी मागे उभा राहून हसत होतो, मला काही वाटलंच नव्हतं. सातव्यांदा टाकून तो उठला, मला म्हणाला, ‘चल, रीळ लाव.’ त्या दिवसापासून मी दुकानात. पुन्हा एका शब्दाने तो विषय काढला नाही त्याने.

सात आकडे. टाकले मी. एकेक करून. दाबलं.

उघडलं!

उघडलं हो! ओरडलो किती म्हणता, शेजारचा घड्याळवाला चिमटा हातात घेऊन धावत आला, त्याला वाटलं शॉक बसला. वहिनी दोन्ही हातांत तोंड धरून उभ्या. सगळी चित्रं समोर, रांगेने, अकरा वर्षांची, आणि शाळेचा सूर्य, सगळे किरण टोकदार! मी नाचतोय, घड्याळवाला काही न कळता नाचतोय, आणि नाचता नाचता माझ्या डोक्यात आलं… का? हाच नंबर का? राग होता म्हणून? विसरायचं नाही म्हणून? की सात वेळा टाकून बोटांना सवयच झाली होती? माझ्या देखत, माझ्यापासूनच आडोसा करून, चार वर्षं माझाच नंबर टाकत होता तो! मी त्याच्याकडे परवानगी मागत होतो, आणि पासवर्ड मलाच पाठ होता… का, हे कोणाला विचारू आता? प्रशासकाशी संपर्क साधा!

असो. लावला पेनड्राइव्ह. पडदा काळवंडला, आली पाटी. ‘या प्रोग्रामला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?’ वहिनी म्हणाल्या, ‘दाबा ना!’ मी म्हटलं, ‘थांबा, वाचतोय.’ सगळी वाचली. बनवणाऱ्या कंपनीचं नाव, तारीख, खालची बारीक ओळ, सगळी. पाच मिनिटं लागली मला. घड्याळवाला कंटाळून निघून गेला. मग म्हटलं, हो.

मशीनने कॉम्प्युटरला ओळख दाखवली. चारही डोकी एकदम खडखडली. पहिले चार बिल्ले निघाले तसे मी उजेडात धरून बघितले, सुलटे आहेत ना! मग मात्र संध्याकाळपर्यंत ती थांबली नाही, ना वहिनींची कात्री थांबली. तीनशे वीस! मोजले, पुन्हा मोजले, खोक्यात भरले. मग कॉम्प्युटरवाल्याला फोन करून विचारत विचारत मी वहिनींचं वेगळं खातं काढलं. तिथे विचारतो, ह्यांना प्रशासक करायचं का? वाचलं. हो. वहिनी म्हणाल्या, ‘तुम्हीही व्हा की!’ मी म्हटलं, नको. मी आपला दुकानात बरा. माझा मला भरवसा नाही. उद्या पुन्हा काही वेगवान करून बसेन.

शनिवारी सकाळी दादाची स्कूटर काढली, पुढे खोकी, मागे वहिनी, आणि पोचलो शाळेत. तेच मोठे क्लार्क! बिल्ला हातात घेतला, आधी सरळ बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग चक्क खिडकीच्या काचेत धरून बघितला. विसरत नाहीत हो लोक! मग पावती पुढे केली. ‘मालकांची सही.’ मी पेन घ्यायला हात पुढे केला, तर म्हणतात, ‘तुमची नाही. मालकांची.’

वहिनींनी पेन घेतलं. त्या कागदावर वर दादाचं नाव छापलेलं होतं, दर वर्षीचंच. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. मी हळूच कागद ओढून घेतला आणि सगळा वाचून दाखवला त्यांना, वरपासून खालपर्यंत, अडखळत, क्लार्क घड्याळ बघत असताना. मग म्हटलं, ‘ठीक आहे वहिनी. करा.’ त्यांनी सही केली. स्वतःचं पूर्ण नाव. क्लार्क विचारतात, ‘आणि हे आता दुकानात कोण?’ वहिनी म्हणाल्या, ‘हे? आमच्याकडे कामाला असतात. पुढच्या वर्षीचं काम आत्ताच लिहून घेता का?’

कामाला असतात! ऐकलंत?

मी मुकाट्याने रिकामी खोकी उचलली, बाहेर येऊन स्कूटरला बांधली, आणि बसणार तोच वहिनींनी हात पुढे केला. ‘किल्ली द्या इकडे.’

म्हटलं, ‘वहिनी, तुम्ही? तुम्ही कधी चालवली?’

‘लग्नाआधी चालवत होते. येताना तीन सिग्नल तोडलेत तुम्ही भाऊजी. तांबडा दिसला तरी जाताच. मागे बसा.’

दिली किल्ली.